हवेतला कार्बन आणि ध्रुवांवरचा बर्फ : वाचकांचे प्रश्न

तापमानवाढ आणि ध्रुवीय प्रदेश या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ‘हे खरं आहे का?’ यापेक्षा ‘हे मोजतात कसं?’ असं विचारणारी पत्रं या वेळी जास्त होती, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मोजण्याची पद्धत नीट कळली की या विषयातल्या निम्म्या शंका जागच्या जागी मिटतात. म्हणून उत्तरांमध्ये आकड्यांइतकीच जागा पद्धतीला दिली आहे.

प्रश्न : ज्वालामुखी, समुद्र, कुजणारा पाला हे सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग हवेत वाढलेला वायू माणसाचाच, हे कशावरून?

आधी जमाखर्च मांडू. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात एका भागाने, म्हणजे एक पीपीएमने, वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन वायू लागतो. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून सध्या दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन आणि जंगलतोडीसारख्या जमीनवापरातल्या बदलांतून आणखी ४ अब्ज टनांच्या आसपास वायू हवेत जातो. सगळा हवेतच राहिला असता तर दरवर्षी ५ पीपीएमहून थोडी जास्त वाढ दिसली असती. प्रत्यक्षात गेल्या दशकातली सरासरी वाढ वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास आहे. याचा अर्थ निसर्ग हवेत भर घालत नसून आपण टाकलेल्यातला निम्म्याच्या आसपास वायू काढून घेतो आहे. समुद्रातून तो बाहेर पडत असता तर समुद्राचं पाणी कमी आम्लधर्मी झालं असतं. घडतंय नेमकं उलट. पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता वाढली की उतरणारा आकडा, औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे ०.१ने उतरला आहे.

दुसरा पुरावा समस्थानिकांचा. कार्बनचे अणू तीन प्रकारचे असतात: कार्बन-१२, थोडा जड कार्बन-१३ आणि किरणोत्सारी कार्बन-१४. प्रकाशसंश्लेषण करताना वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, त्यामुळे वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ कमी असतो. ते जाळल्यावर हवेतलं कार्बन-१३चं प्रमाणही घसरायला हवं, आणि ते घसरलं आहे. ठरलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत ते औद्योगिक काळापूर्वी हजारात उणे ६.५च्या आसपास होतं, म्हणजे नमुन्यापेक्षा हजारात तितक्या भागांनी कमी, आता उणे ८.५च्या आसपास आहे. ज्वालामुखीतून येणाऱ्या वायूमुळे अशी घसरण होऊ शकत नाही, कारण त्यात कार्बन-१३ इतका कमी नसतो.

एवढ्यावर कुणी म्हणेल, हलका कार्बन जिवंत जंगलं जळूनही येऊ शकतो. इथे कार्बन-१४ कामाला येतो. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं आहे, म्हणजे एवढ्या काळात तो निम्मा उरतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असलेल्या इंधनात तो शिल्लकच राहत नाही, जिवंत झाडात मात्र असतो. १९५० पूर्वीच्या झाडांच्या वाढीच्या कड्या तपासल्या तर हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण हळूहळू पातळ होत गेलेलं दिसतं. हान्स झ्यूस यांनी १९५०च्या दशकात हे प्रथम दाखवलं. यात एक खाचखळगा आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अणुस्फोट चाचण्यांनी हवेत नवा कार्बन-१४ इतका ओतला की उत्तर गोलार्धात त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. त्या काळातला आलेख संदर्भ न पाहता वाचला तर निष्कर्ष उलटा निघतो.

तिसरा पुरावा आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो, तो ऑक्सिजनचा. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो. वायू समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून येत असता तर ऑक्सिजन घटण्याचं कारण नव्हतं. राल्फ कीलिंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अतिशय सूक्ष्म मोजमाप सुरू केलं, आणि हवेतला ऑक्सिजन दरवर्षी दशलक्षात सुमारे ४ भागांनी कमी होतो आहे. श्वसनाला यातून काहीही धोका नाही, कारण हवेत ऑक्सिजनचे दशलक्षात जवळजवळ २ लाख १० हजार भाग आहेत. पण काहीतरी जळतं आहे याची ही पक्की खूण आहे.

राहिले ज्वालामुखी. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींतून वर्षभरात निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या आसपास भरतो, बहुतेक अंदाजांत त्याहूनही कमी. १९९१मध्ये पिनाटुबोचा प्रचंड उद्रेक झाला, त्यानंतरची दोन वर्षं हवेतल्या वाढीचा वेग उलट मंदावला होता.

प्रश्न : पण हे मोजमाप मौना लोआवर, म्हणजे एका ज्वालामुखीवरच घेतात ना?

हो, हवाई बेटावर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर. चार्ल्स कीलिंग यांनी तिथे १९५८मध्ये सुरुवात केली, तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या आसपास होता. २०२४ची वार्षिक सरासरी सुमारे ४२४ आहे.

ज्वालामुखीच्या विवरांतला वायू कधीकधी रात्रीच्या उताराच्या वाऱ्याबरोबर खाली येतो. तो ओळखणं सोपं असतं, कारण अशा वेळी मोजमाप मिनिटामिनिटाला उड्या मारतं, तर समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा तासभर जवळजवळ एकच आकडा दाखवते. ज्या तासांत चढउतार मोठा, ते तास सरासरीतून वगळतात. उपकरण दर थोड्या वेळाने प्रमाण ठरवून दिलेल्या वायूच्या टाक्यांशी ताडून घेतलं जातं. नोव्हेंबर २०२२मध्ये मौना लोआचा खरोखरच उद्रेक झाला आणि केंद्राची वीज तुटली, तेव्हा शेजारच्या मौना केआवर तात्पुरती सोय करून मालिका चालू ठेवली गेली.

आणि मौना लोआ विसरायचं ठरवलं तरी काही बिघडत नाही. दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राची मालिकाही १९५७पासूनची आहे आणि तीही तशीच चढते. तिथला आकडा उत्तरेपेक्षा थोडा मागे असतो, कारण बहुतेक इंधन उत्तर गोलार्धात जळतं आणि हवा विषुववृत्त ओलांडून मिसळायला वेळ लागतो. उत्तर आणि दक्षिणेतला हा फरक इंधनाच्या वापराबरोबर वाढत गेला आहे.

प्रश्न : सूर्यच जास्त तापत असेल तर?

सूर्याची ऊर्जा १९७८पासून उपग्रहांवरून मोजली जाते. ती चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट आहे, ११ वर्षांच्या चक्रात साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होते आणि या सगळ्या काळात तिच्यात वाढीचा कल नाही. पृथ्वी गोल आहे आणि काही प्रकाश परावर्तित होतो हे धरलं, तर चक्रातला हा फरक जमिनीच्या हिशेबात चौरस मीटरला ०.२ वॉटच्या आसपास येतो. १७५०पासून वाढलेल्या एकट्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम २ वॉटहून थोडा जास्त आहे.

याहून निर्णायक गोष्ट उंचावर दिसते. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत सगळंच तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर, तपांबर, तापतो आहे आणि वरचं स्थितांबर थंड होतं आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे वाढलेला कार्बन डायऑक्साइड अवकाशात जास्त उष्णता सोडतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७मध्ये, उपग्रहांचे आकडे हाती नसताना, गणिताने हे भाकीत केलं होतं. एक सावधगिरी मात्र हवी. स्थितांबराचा खालचा भाग थंड होण्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे. म्हणून कार्बन डायऑक्साइडची निखळ खूण पाहायची असेल तर २५ ते ५० किलोमीटर उंचीचे आकडे पाहावेत.

प्रश्न : हवेत ०.०४ टक्के असलेल्या वायूने एवढा फरक कसा पडेल? पाण्याची वाफ तर कितीतरी जास्त आहे.

कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अरगॉन यांचा आहे, आणि हे तिन्ही वायू जमिनीतून निघणारे अवरक्त किरण जवळजवळ अडवत नाहीत. त्यामुळे अडवण्याचं काम उरलेल्या अंशाकडेच येतं. युनिस फूट यांनी १८५६मध्ये कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो हे दाखवलं, आणि जॉन टिंडल यांनी १८५९पासून अवरक्त किरण अडवण्याचा गुण प्रयोगशाळेत दाखवला. आज तो वरून आणि खालून दोन्हीकडून मोजला गेला आहे. १९७०चा आणि १९९७चा उपग्रहीय वर्णपट शेजारी ठेवला की १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे नेमक्या कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात, अवकाशात जाणारी उष्णता घटलेली दिसते. जमिनीवर ओक्लाहोमा आणि उत्तर अलास्कात २००० ते २०१० या काळात खाली येणारी अवरक्त ऊर्जा मोजली, तर तिच्यातला कार्बन डायऑक्साइडचा वाटा दशकाला चौरस मीटरमागे ०.२ वॉटने वाढला. त्या दशकात कार्बन डायऑक्साइड २२ पीपीएमने वाढला होता.

पाण्याची वाफ हा ताकदीचा हरितगृह वायू आहे, यात शंका नाही. पण ती हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते आणि पाऊस होऊन पडते. हवेत किती वाफ मावणार हे तापमान ठरवतं, दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त. म्हणजे वाफ तापमानवाढ सुरू करत नाही, सुरू झालेली वाढवते.

प्रश्न : ८ लाख वर्षांपूर्वीची हवा बर्फातून काढतात म्हणे. ती शुद्ध राहिली असेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

शंका रास्त आहे, आणि ती सर्वांत आधी या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाच आली होती.

ध्रुवीय हिमस्तरावर पडलेला हिम वरच्या थरांच्या वजनाने दाबला जातो. साधारण ५० ते १२० मीटर खोलीपर्यंत त्याच्या कणांमधल्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वरची हवा आत खेळत राहते. त्याखाली फटी बंद होतात, हवा बुडबुड्यांत कोंडते. म्हणून बुडबुड्यातली हवा तिच्या भोवतीच्या बर्फापेक्षा नेहमी तरुण असते. जिथे हिम भरपूर पडतो तिथे हा फरक काही दशकांचा, आणि अंटार्क्टिकाच्या कोरड्या पठारावर काही हजार वर्षांचा असतो. हा फरक चुकला की ‘आधी तापमान की आधी वायू’ या प्रश्नाचं उत्तरही चुकतं.

नमुने काढण्यासाठी बर्फात छेदन करताना भोकात गोठणार नाही असा द्रव भरावा लागतो, नाहीतर बर्फाच्या दाबाने भोक मिटून जातं. अनेक शे मीटर खोलीवरच्या बुडबुड्यांतली हवा इतकी दाबलेली असते की वर आणलेला बर्फ तडकतो. अशा ठिसूळ पट्ट्यातले नमुने काही महिने थंडीत तसेच ठेवून ‘निवू’ देतात आणि मगच कापतात. मापन करण्याआधी नमुन्याची बाहेरची बाजू तासून टाकतात, कारण तिथे छेदनाचा द्रव आणि बाहेरची हवा शिरलेली असू शकते. मग नमुना निर्वात पेटीत गोठलेल्या अवस्थेतच चिरडतात. कार्बन डायऑक्साइडसाठी बर्फ वितळवणं टाळतात, कारण वितळलेल्या पाण्यात धुळीतले कार्बोनेट क्षार आम्लाशी अभिक्रिया करतात आणि नवा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याच कारणाने ग्रीनलँडचा धूळयुक्त बर्फ या वायूसाठी भरवशाचा मानत नाहीत. मिथेनसाठी तो उत्तम चालतो. कार्बन डायऑक्साइडचा इतिहास अंटार्क्टिकाच्या बर्फातून वाचला जातो.

विश्वासाची खरी कसोटी लॉ डोम इथे झाली. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या या ठिकाणी हिम इतका पडतो की बुडबुड्यांतली हवा १९७०च्या दशकापर्यंतची मिळते. म्हणजे थेट हवेत मोजलेले आकडे आणि बर्फातले आकडे वीसेक वर्षं समांतर चालतात. ते जुळले.

अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या डोम सी इथला ३२७० मीटरचा हिमगाभा, म्हणजे छेदन करून काढलेला बर्फाचा लांब दंडगोल, ८ लाख वर्षं मागे जातो. या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड सुमारे १७० ते ३०० पीपीएमच्या मर्यादेत राहिला. ३००ची रेषा विसाव्या शतकात ओलांडली गेली आणि परत खाली आलेली नाही. जानेवारी २०२५मध्ये युरोपीय पथकाने लिटल डोम सी इथे २८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ वर काढला.

प्रश्न : त्याच बर्फात तापमान आधी वाढलं आणि वायू नंतर, असं वाचलं. मग कारण आणि परिणाम उलटे नाहीत का?

हिमयुगं संपण्याची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षाच्या कलातल्या संथ बदलांनी झाली. त्याने उत्तरेकडचा बर्फ वितळू लागला, सागरी प्रवाह बदलले, दक्षिणेकडचा समुद्र तापला आणि त्याने वायू सोडला. त्या वायूने उरलेली, आणि मोठी, वाढ घडवली. जुन्या कालगणनेत अंटार्क्टिकाचं तापमान वायूच्या सुमारे ८०० वर्षं पुढे दिसत होतं. हवा आणि बर्फ यांच्या वयातला फरक अधिक नेमका मोजल्यावर ते अंतर बरंच आटलं. आणि ते अंतरही एका खंडाच्या तापमानाचं होतं. जगभरच्या नोंदी एकत्र केल्यावर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस जागतिक तापमान बहुतांशी वायूच्या मागून चाललेलं दिसतं.

तेव्हा सुमारे ७००० वर्षांत साधारण ७५ ते ८० पीपीएम वाढ झाली. १९५८ ते २०२४ या ६६ वर्षांत झालेली वाढ १०९ पीपीएम आहे. या वेळी वायू समुद्राने सोडलेला नाही, हे पहिल्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : उत्तर ध्रुवाकडे तापमान जगापेक्षा वेगाने का वाढतं?

१९७९पासूनच्या नोंदींत आर्क्टिक जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं आहे. पहिलं कारण परावर्तन. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. बर्फ हटला की उन्हाळ्यात समुद्र उष्णता साठवतो आणि शरद ऋतूत ती हवेत सोडतो. म्हणूनच सर्वांत जास्त वाढ उन्हाळ्यात नसून शरद आणि हिवाळ्यात दिसते. उन्हाळ्यात बरीच उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते आणि हवेचं तापमान शून्याच्या आसपास अडकून राहतं.

दुसरं कारण कमी बोललं जातं, पण तितकंच महत्त्वाचं आहे. उष्ण कटिबंधात वर उठणारी हवा जमिनीजवळची उष्णता उंचावर नेते आणि तिथून ती अवकाशात सुटते. ध्रुवाजवळ जमिनीलगतची थंड, जड हवा वरच्या हवेत मिसळत नाही, त्यामुळे वाढलेली उष्णता खालच्या पातळ थरातच राहते.

प्रश्न : २०१२मध्ये आर्क्टिकच्या बर्फाचा नीचांक झाला. त्यानंतर तो मोडलेला नाही. मग घट थांबली असं म्हणता येईल का?

सप्टेंबर २०१२चा ३३.९ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक अजून कायम आहे, हे बरोबर. २०२५चा नीचांक ४६ लाखांच्या आसपास होता. पण २००७पासूनच्या कोणत्याही वर्षाचा नीचांक २००७पूर्वीच्या कोणत्याही वर्षाच्या नीचांकाइतका वर गेलेला नाही. संपूर्ण उपग्रहीय काळात सप्टेंबरचा बर्फ दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटला आहे. गेल्या दीड-दोन दशकांत हा वेग मंदावला आहे हेही खरंच. नैसर्गिक चढउतार तापमानवाढीच्या विरुद्ध दिशेला पडले की असे टप्पे येतात, आणि हवामानाच्या प्रारूपांतही ते दिसतात. मार्च २०२५मधला हिवाळी उच्चांक मात्र तोवरच्या नोंदींत सर्वांत कमी होता, १४३ लाख चौरस किलोमीटर.

हे आकडे वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ते ‘विस्तार’ सांगतात. उपग्रह सूक्ष्मलहरींनी समुद्र चौकटींमध्ये मोजतो आणि ज्या चौकटीत १५ टक्क्यांहून जास्त बर्फ आहे ती पूर्ण धरली जाते. त्यामुळे विस्तार नेहमी बर्फाच्या खऱ्या क्षेत्रफळापेक्षा मोठा असतो. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळपाण्याची तळी सूक्ष्मलहरींना उघड्या समुद्रासारखी दिसतात. चौकटीतला बर्फ त्यामुळे कमी मोजला जातो, पण १५ टक्क्यांची अट सहसा तरीही पूर्ण होते आणि विस्ताराचा आकडा फारसा बिघडत नाही. एका दिवसाचे आकडे ताडून पाहू नयेत, पाच दिवसांची सरासरी घ्यावी. आणि जाडी या आकड्यात येतच नाही. १९८०च्या दशकाच्या मध्याला आर्क्टिकमधला जवळजवळ एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना आणि जाड होता, आता तसा बर्फ ५ टक्केही नाही. विस्ताराचा आलेख सपाट दिसतो त्या काळातही बर्फ पातळ होत असू शकतो.

प्रश्न : अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ तर वाढत होता?

२०१४पर्यंत थोडाफार वाढत होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये २०० लाख चौरस किलोमीटर ओलांडले गेले. २०१६मध्ये अचानक मोठी घसरण झाली. फेब्रुवारी २०२३मध्ये १७.९ लाखांचा उन्हाळी नीचांक आणि त्याच सप्टेंबरमध्ये जेमतेम १७० लाखांचा हिवाळी उच्चांक नोंदला गेला. हा उच्चांक आधीच्या सर्वांत कमी उच्चांकापेक्षा सुमारे १० लाखांनी कमी होता. आधीच्या वाढीत वाऱ्यांच्या बदलांचा हात होता, आणि अलीकडच्या घसरणीत पृष्ठभागाखालच्या गरम पाण्याचा. या घसरणीतला माणसाचा नेमका वाटा किती यावर अजून एकमत नाही. ‘अंटार्क्टिकाचा बर्फ’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो: समुद्राचं पाणी गोठून बनलेला एक-दोन मीटर जाडीचा सागरी बर्फ वेगळा, आणि जमिनीवरचा किलोमीटरांच्या जाडीचा हिमस्तर वेगळा. सागरी बर्फ वाढत होता त्या वर्षांतही हिमस्तर घटतच होता.

प्रश्न : तरंगता बर्फ वितळला तर समुद्राची पातळी वाढत नाही, हे वर्गात दाखवता येईल का?

जरूर, आणि त्याबरोबर जमिनीवरच्या बर्फाचा प्रयोगही करावा, म्हणजे फरक मुलांच्या डोळ्यांसमोर राहील.

सरळ बाजूंची, आतून १० सेंटिमीटर व्यासाची आणि पुरेशी उंच दोन पारदर्शक भांडी घ्या. एकात नुसतं गार पाणी, दुसऱ्यात मध्यभागी पाण्याच्या वर डोकावणारा सपाट दगड आणि मग पाणी. २०० ग्रॅम बर्फ वजन करून एकात तरंगत ठेवा आणि तितकाच दुसऱ्यात दगडावर. लगेच दोन्हीकडे पातळीची खूण करा, वर झाकण ठेवा. बर्फ पूर्ण वितळल्यावर पहिल्या भांड्यात पातळी तिथेच असेल. दुसऱ्यात ती अडीच सेंटिमीटरहून थोडी जास्त चढेल: २०० घनसेंटिमीटर भागिले ७८.५ चौरस सेंटिमीटर, आणि दगडाने अडवलेल्या जागेमुळे त्यावर थोडी भर.

फसतं कुठे? तरंगता बर्फ तळाला टेकला किंवा भांड्याच्या बाजूला चिकटला तर तो पूर्ण तरंगत नाही आणि पातळी वाढलेली दिसते. म्हणून पाणी भरपूर खोल ठेवा. दगडावरचा बर्फ अर्धा वितळून घसरला आणि पाण्यात पडला तर काळजी नको, अंतिम पातळी तीच येते. खूण करायला उशीर झाला तर मात्र हिशेब बिघडतो.

मोठ्या मुलांसाठी पहिल्या भांड्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून पुन्हा करा. गोड्या पाण्याचा बर्फ खाऱ्या पाण्यात वितळला की पातळी अगदी किंचित वाढते, वितळलेल्या पाण्याच्या साधारण अडीच टक्के. एवढा फरक साध्या पट्टीवर दिसणार नाही, अरुंद मोजनळी लागेल.

आता खऱ्या समुद्राकडे. अंटार्क्टिकाभोवतीचे आइस शेल्फ, म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारे बर्फाचे जाड थर, आधीच तरंगत असल्यामुळे त्यांच्या वितळण्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. पण ते मागच्या हिमनद्यांना रोखून धरतात. २००२च्या सुरुवातीला लार्सन-बी आइस शेल्फचा सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत फुटला, आणि त्यामागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. वाढलेली पातळी त्या नद्यांतून आली. पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी याच कारणाने काळजीचा विषय आहे. तिचा तळ समुद्रसपाटीखाली आहे आणि आत जावं तसा खोल होत जातो. खालून येणारं, गोठणबिंदूहून काही अंश गरम पाणी तिच्या टेकणबिंदूपाशी, म्हणजे बर्फ तळ सोडून तरंगू लागतो तिथे, बर्फ वितळवतं. टेकणबिंदू जितका मागे सरकतो तितकी उघडी पडणारी बाजू जाड होते आणि बर्फ आणखी वेगाने समुद्रात जातो. ती एकटी संपली तर जागतिक पातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल.

प्रश्न : एवढ्या मोठ्या हिमस्तराचं वजन करतात तरी कसं?

गुरुत्वाकर्षणाने. मार्च २००२मध्ये सोडलेले ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकाच कक्षेत सुमारे २२० किलोमीटर अंतराने एकामागून एक फिरत. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की किंचित पुढे ओढला जाई, मग मागचा. दोघांमधल्या अंतराचा हा बदल मायक्रॉनच्या पातळीवर मोजून दर महिन्याला वस्तुमानाचा नकाशा काढता येतो. पहिली जोडी २०१७मध्ये थांबली, दुसरी मे २०१८मध्ये सोडली गेली. मधल्या काही महिन्यांची नोंद नाही.

हिशेब असा निघतो: २००२पासून ग्रीनलँड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास आणि अंटार्क्टिका १४० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतो आहे. ३६० अब्ज टन पाणी म्हणजे जगभरच्या समुद्राची एक मिलिमीटर पातळी. याने भागलं की दोघांचा मिळून वर्षाला १.१ मिलिमीटरच्या जवळपास वाटा येतो.

या पद्धतीत सर्वांत मोठी अडचण बर्फाची नसून खडकाची आहे. शेवटच्या हिमयुगातलं ओझं उतरल्यापासून जमिनीखालचा प्रावरणाचा खडक अजूनही हळूहळू परत भरून येतो आहे, आणि उपग्रहाला त्याचंही वजन जाणवतं. ही दुरुस्ती वजा करावी लागते, आणि उघडा खडक कमी असलेल्या अंटार्क्टिकात ती नेमकी ठरवणं कठीण आहे. म्हणून दुसऱ्या पद्धतीने पडताळतात, लेसर किंवा रडारने उंची मोजून. तिची अडचण वेगळी आहे. पृष्ठभाग एक मीटर खचला तर तो घन बर्फ गेला की नुसता भुसभुशीत हिम दबला, हे उंचीवरून कळत नाही, आणि दोघांच्या घनतेत जवळजवळ तिप्पट फरक असतो. तिसरी पद्धत पडलेला हिम आणि समुद्रात गेलेला बर्फ यांची वजाबाकी करते. तिन्हींच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात, आणि तरीही तिन्ही घटच दाखवतात. आमच्या मते या विषयातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. सर्व पद्धती एकत्र करून १९९२ ते २०२० या काळासाठी काढलेला दोन्ही हिमस्तरांचा एकूण तोटा सुमारे ७५६० अब्ज टन आहे, म्हणजे २१ मिलिमीटर पातळी.

प्रश्न : ओझोनच्या भोकातून उष्णता आत येते का?

नाही. ओझोन कमी झाल्याने अतिनील किरण जास्त येतात, पण तापमानवाढीचं ते कारण नाही. त्या भोकाने अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे बळकट केले, एवढा त्याचा हवामानाशी संबंध आहे. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन सावरतो आहे.

प्रश्न : ध्रुवीय अस्वलं खरोखर कमी होत आहेत का? काही ठिकाणी ती वाढली असंही ऐकलं.

सगळीकडे सारखं चित्र नाही. जिथे उन्हाळ्यात बर्फ पूर्ण जातो तिथे फटका स्पष्ट आहे. हडसन उपसागराच्या पश्चिम भागातली संख्या २०१६मध्ये अंदाजे ८४२ होती, २०२१मध्ये ६१८. अस्वल सील मारतं ते बर्फावरून. बर्फ लवकर फुटला की त्याला उपाशी राहण्याचे दिवस वाढतात, आणि पहिला परिणाम पिल्लांवर होतो. काही भागांत अस्वलं अजून धडधाकट आहेत, आणि काही ठिकाणी शिकारबंदीनंतर संख्या सावरली, तेही खरं आहे.

दक्षिणेकडे सम्राट पेंग्विनांचं गणित याहून थेट आहे. त्यांची पिल्लं किनाऱ्याला जोडलेल्या सागरी बर्फावर वाढतात आणि जलरोधक पिसं यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. २०२२मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. त्या चार वसाहतींत जवळजवळ एकही पिल्लू वाचलं नसावं.

प्रश्न : उत्सर्जन थांबलं तर बर्फ परत येईल का?

सागरी बर्फ येऊ शकतो. तो तापमानाच्या मागे फार रेंगाळत नाही, काही वर्षांत प्रतिसाद देतो. सप्टेंबरमधल्या आर्क्टिक बर्फाचं क्षेत्र एकूण साठलेल्या उत्सर्जनाशी जवळजवळ सरळ रेषेत घटत आलं आहे: दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ३ चौरस मीटर. हा हिशेब उलट वाचला तर न सोडलेल्या प्रत्येक टनामागे ३ चौरस मीटर बर्फ टिकतो. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की जागतिक तापमान साधारण तिथेच थांबतं, आणि त्याबरोबर सागरी बर्फाची घटही.

हिमस्तर तसा नाही. ग्रीनलँडचा माथा ३२०० मीटरहून उंच आहे आणि त्या उंचीमुळेच तो थंड राहतो. पृष्ठभाग खाली येऊ लागला की तो दर किलोमीटरला साधारण ६ अंश गरम हवेत उतरतो आणि जास्त वितळतो. १४ ऑगस्ट २०२१ला त्या माथ्यावर, जिथे हिमच पडायचा, तिथे प्रथमच पाऊस नोंदला गेला. ग्रीनलँडच्या पूर्ण बर्फात ७ मीटरहून जास्त समुद्रपातळी साठलेली आहे. तो वितळायला हजारो वर्षं लागतात, पण ठरावीक तापमान ओलांडून बराच काळ गेला तर तापमान परत खाली आणूनही तो तेवढ्या उंचीवर पुन्हा साचत नाही, कारण नवा हिम आता आधीपेक्षा खालच्या, गरम पृष्ठभागावर पडतो. ही मर्यादा औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड ते तीन अंशांच्या दरम्यान असावी असे बहुतेक अंदाज आहेत. २०२४ची जागतिक सरासरी सुमारे १.५५ अंश होती. एका वर्षाच्या आकड्याने मर्यादा ओलांडली जात नाही, त्यासाठी दशकांची सरासरी लागते. ती सरासरी कुठे थांबेल हे येत्या काही दशकांतलं उत्सर्जन ठरवणार आहे.